मदत हवी आहे: मामामूचं 'मिस्टर ऍम्बिग्युअस' चौघींनी गायचंय, पण त्याचं भावगीत होतंय

मंडळी, ऑफिसच्या वार्षिक कार्यक्रमात आम्ही चौघी एक कोरियन गाणं म्हणणार आहोत. के-पॉप म्हटलं की सगळ्यांना नाच आठवतो. आम्हाला गायचंच आहे, म्हणून मामामू, हा चौघींचा कोरियन गायनगट. सोलार, मूनब्यूल, व्हीइन आणि ह्वासा यांनी २०१४च्या जूनमध्ये याच गाण्याने पदार्पण केलं. संगीत किम दो-हूनचं, बाज जुन्या अमेरिकन 'सोल' संगीताचा. धड हो नाही, धड नाही नाही, अशा माणसाला 'काय ते स्पष्ट सांग' असं सुनावणारं गाणं आहे. विनवण्या नाहीत, रडारड तर मुळीच नाही. नेमका तोच तोरा आमच्या गळ्यातून निघत नाहीये.

आमच्यातल्या दोघी शास्त्रीय शिकलेल्या. लांब स्वर दिसला रे दिसला की मींड, ओळ संपताना बारीकशी मुरकी. सूर चोख, पण ऐकणाऱ्याला वाटावं बाई त्याची समजूत काढतेय! कोरसमध्ये तिघी नकळत एकाच सुरात येतो, ते वेगळंच. आणि टाळ्या सगळ्या समेवर.

दुसरं, शब्द. रोमन लिपीतून पाठ केले तर 'eo' दिसला की जीभ 'एओ' म्हणते. देवनागरीत कसं लिहून घ्यावं?

'नुसतं ऐकत राहा' सोडून काहीही सुचवा. ऐकून ऐकून घरचे वैतागलेत.

प्रतिसाद

आधी पेटी बाजूला ठेवा. या बाजात गंधार बरेचदा कोमल आणि शुद्धच्या अधेमधे लागतो, कोमलावरून वर ढकलल्यासारखा. पेटीवर ती जागाच नाही. टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर द्या, पहिली मात्रा पायाने. सुरुवातीला गाणं न म्हणता नुसतं चालत करा, नाहीतर हात पुन्हा समेवर जाणारच.

मुरकी काढून टाका आणि ओळीचा शेवटचा स्वर तोडा. बैठकीच्या लावणीत बाई शब्द फेकून थांबते ना, तसं थांबा. तोरा त्या थांबण्यात असतो, आवाज चढवण्यात नसतो.

प्रतिसाद

कोरससाठी सांगते. एकीने सा, दुसरीने ग, तिसरीने प धरून सुरू करा. कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) बदलली की प्रत्येकीने आपल्या सर्वात जवळचा स्वर गाठायचा, उड्या मारायच्या नाहीत. तोंडाचा आकार तिघींचा सारखा हवा, नाहीतर सूर जुळूनही आवाज विस्कटलेले वाटतात. खालची बाजू जाड आवाजाच्या मुलीला द्या, मामामूत ह्वासाचा आवाज तसा आहे.

'eo' साठी 'ऑ' लिहा, ओठांचा चंबू न करता. 'eu' ला आपल्याकडे अक्षर नाही, ओठ ताणून 'उ' म्हणा. शब्दाच्या शेवटचे क्, त्, प् तोंडातच अडवायचे, बाहेर सोडायचे नाहीत. आपण 'बाप' म्हणताना जो प सुटतो, तो इथे नको.

धागाकर्ती

दोघांचेही आभार! दुसऱ्या-चौथ्या मात्रेची टाळी आत्ता स्वयंपाकघरात करून पाहिली, तिसऱ्या ओळीला पुन्हा समेवर आले. आता एकच राहिलं: मूनब्यूलचा रॅप घ्यायला चौघींपैकी कोणीच तयार नाही. तो गाळून तिथे नुसतं वाद्यसंगीत ठेवलं तर चालेल का, की गाण्याचा तोल जाईल?