प्रतिसाद: घरून ये-जा करणाऱ्यांचं विद्यापीठ

वर कोणीतरी म्हटलंय की मुलं तास संपले की घरी पळतात, त्यामुळे असल्या विद्यापीठांत जीवच नसतो. पटलं नाही बुवा. लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो व्हॅलीतलं सरकारी नॉर्थरिज विद्यापीठ (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, नॉर्थरिज) घ्या. १९५८ पासूनचं, बहुतेक पोरं घरून गाडीने येणारी. १७ जानेवारी १९९४ ला पहाटे ४:३१ वाजता भूकंप झाला आणि नेमकं बहुमजली पार्किंगच कोसळलं! काँक्रीटचे खांब उन्हात वितळलेल्या मेणबत्तीसारखे वाकले. सुट्टी होती म्हणून बरं. इमारती बंद, तरी महिनाभरात शेकडो ट्रेलरांत, म्हणजे चाकांवरच्या तात्पुरत्या खोल्यांत, वर्ग भरले. संत्र्यांची जुनी बाग अजून आवारात आहे, पण पार्किंग शोधणाऱ्याचं तिकडे लक्ष कुठलं!