मोठी कन्सल्टन्सी सोडून नाशिकला परत यावं का? स्ट्रक्चरलवाल्यांनी बोला

सातपूरकर
नमस्कार मंडळी. मी स्ट्रक्चर्समध्ये एमटेक, पाच वर्षं झाली मुंबईत एका मोठ्या इंजिनिअरिंग कन्सल्टन्सीत आहे. पगार एक तारखेला, पीएफ, आईबाबांचं मेडिकल, सगळं व्यवस्थित. पण पाच वर्षांत मी फक्त पाइल कॅप आणि पिअर कॅप, म्हणजे पुलाच्या खांबाखालचे आणि खांबावरचे ठोकळे, एवढेच केलेत, आख्खा पूल एकदाही नाही, साइट दोनदा बघितली. दर शुक्रवारी टाइमशीट, कुठल्या जॉब नंबरवर किती तास, आणि आठवडाभर जॉब नसला की जीव टांगणीला. मामांचं कॉलेज रोडला चार माणसांचं डिझाइन ऑफिस आहे, ते म्हणतात ये. माझं मत झालंय की यावं. चुकत असेन तर सांगा.

इंदिरानगरची ताई
अरे थांब, इतक्यात नको. मी नऊ वर्षं काढली अशा कंपनीत. तिथे कॅल्क्युलेशन एकजण करतो, दुसरा चेक करतो, तिसरा सही करतो, तेव्हा मलाही कटकट वाटायची. पहिल्याच वर्षी रिटेनिंग वॉल, म्हणजे माती अडवणारी भिंत, केली, मातीचा दाब धरला आणि मागे साचणारं पाणी विसरले. चेकरने लाल पेनने गोल करून दोनच शब्द लिहिले, "पाणी कुठंय?" ती भिंत तशीच बांधली गेली असती तर? आजही त्याचा विचार आला की पोटात गोळा येतो. छोट्या ऑफिसात तो लाल पेनवाला नसतो रे. २०१६ चं भूकंपाचं कोड, म्हणजे डिझाइनची नियमावली, येऊन गेल्यावरही २००२ च्या कोडवरची एक्सेल शीट बिनधास्त वापरणारे मी इथे नाशकात डोळ्यांनी बघितलेत.

मुरूमकाका
ताई, पाण्याचं पटलं. पण माझीही बाजू ऐका, २२ वर्षं इथे प्रॅक्टिस करतोय. मखमलाबादकडे एक बिल्डिंग होती, जमीन तपासायला बोअर दोनच घेतलेले, रिपोर्टप्रमाणे दीड मीटरला मुरूम. तिसऱ्या फुटिंगला (कॉलमच्या पायाला) दीड मीटरवर काळी मातीच, वर पीसीसीची, म्हणजे पायाखालच्या साध्या काँक्रीटची, गाडी उभी आणि कॉन्ट्रॅक्टर घाई करतोय. मी खड्ड्यात उतरलो, पहार मारली, लोण्यात जावी तशी आत गेली. काम थांबवलं, अजून खोल नेलं, कठीण मुरूम लागल्यावरच पीसीसी टाकलं. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, हे पुस्तकात सगळ्यांनीच वाचलेलं असतं, पण पहार हातात घेतल्याशिवाय कळत नाही आणि ती चौदाव्या मजल्यावर एसीत बसून हातात येत नाही. ये बाळा तू.

घोटी ते ठाणे
काका, पण समृद्धी महामार्गाचं काय? ७०१ किलोमीटरचा रस्ता, इगतपुरीजवळ जवळपास आठ किलोमीटरचे जुळे बोगदे, असलं काम चार माणसांच्या ऑफिसात येणार आहे का? भूगर्भवाला वेगळा, व्हेंटिलेशनवाला वेगळा, आगीचं बघणारा वेगळा, त्यांच्या शेजारी बसून जे शिकायला मिळतं ते कुठेच नाही. आणि फीचं कोणी बोलतच नाहीये. बिल्डर ड्रॉइंग घेऊन जातो, दोन स्लॅब पडतात तरी पैसे नाहीत, फोन करून करून थकायचं. माझ्या भावाने याच पायी ऑफिस बंद केलं.

सातपूरकर
शेजारी बसून शिकता येतं हे खरंय दादा, पण आमच्याकडे प्रत्येक टीमला आपलाच तुकडा. भूगर्भवाल्याशी मी पाच वर्षांत एकदा बोललो, तेही मेलवर, कारण त्याचे तास आमच्या जॉबवर टाकायला परवानगी नव्हती. फीचं मात्र मामांना स्पष्ट विचारतो.

इंदिरानगरची ताई
मग सोडायच्या आधी सहा महिने साइटवर बदली माग ना, पीएमसीची, म्हणजे प्रोजेक्टवर देखरेखीची, कामं असतात तुमच्याकडे. आणि आलासच तर मामांना सांग, प्रत्येक डिझाइन बाहेरच्या माणसाकडून चेक करून घ्यायचं, त्याचे पैसे फीमध्येच धरायचे. हे कबूल केलं तर माझाही विरोध नाही.

मुरूमकाका
हे बरोबर बोललात ताई. मीही गेली काही वर्षं गंगापूर रोडच्या एका मित्राला शीट पाठवतो, तो मला पाठवतो. दोनदा त्याने माझी चूक पकडलीये, एकदा तर कॅन्टिलिव्हरचं (बाहेर झुकलेल्या स्लॅबचं) वर हवं असलेलं स्टील मी खाली दाखवलं होतं.