‘आवाज येतोय का?’ – ऑनलाइन तासांचे अनुभव

रंकाळा_मास्तर: पोरीच्या शाळेतनं आत्ता मेसेज आला, पावसामुळं उद्या सुट्टी, तास ऑनलाइन, लिंक पाठवतो. लिंक म्हटलं की २०२० चा जून आठवतो. तेव्हा मी गगनबावड्याकडं एका हायस्कूलला गणित शिकवत होतो. नववीत ४७ पोरं, पहिल्या दिवशी मीटवर ११. त्यातला एक रेंजसाठी म्हशी घेऊन टेकावर बसायचा. मी प्रमेय सांगालोय आणि मधेच, “सर थांबा, रेडकू तरव्यात शिरलं!”
बाकीचे ३६ कुठं? घरात फोन एकच, तो बापाच्या खिशात, आणि बाप सकाळी ७ लाच एमआयडीसीत. शेवटी तास बंदच केला. वहीत प्रमेय सोडवायचं, पानाचा फोटो आणि ४ मिनिटांचा आवाज रात्री ८ नंतर ग्रुपवर टाकायचा. व्हिडिओ गोल गोल फिरत बसायचा, आवाज मात्र पोचायचा. पोरंपण आवाजातच उत्तरं पाठवायची, मागं भाकरी थापालेत.
तुमचं काय? लिहा की.

ताराराणी_७६: दोन पोरं, एक मोबाईल, दोघांचा तास ११ ला. थोरलीला दिला. धाकटा पहिलीत, रडून रडून झोपला. त्याचा १३ चा पाढा अजून अडतोय, मी लॉकडाऊनवर ढकलते 😅

पेठेतला_भावा: आमची आजी कॅमेऱ्यात डोकावून, “मास्तर, जेवलासा काय?” आख्खा वर्ग खिदळालाय. सर गरीब, म्हणाले “व्हय आजी, आमटीभात.” तेवढ्यात झूमची ४० मिनिटं संपली, परत कोण आलंच नाही.

जुनी_विद्यार्थिनी: तुम्हाला आवाज तरी होता. मी लग्नानंतर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातनं बीए केलं. ते १९८९ चं, नाशिकचं. मी १९९४ ला प्रवेश घेतला. पुस्तकं घरी, रविवारी अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्र. एसटी चुकली की शंका पुढच्या रविवारपर्यंत वहीतच. सासूबाई म्हणायच्या, मास्तर दिसत न्हाई, ही कसली शाळा?

ताराराणी_७६: सासूबाई सगळीकडं सारख्याच ओ ताई.

शाहूवाडीकर: जुलैत सह्याद्री वाहिनीवर शाळेचे कार्यक्रम लागले, ते बरे होते. टीव्हीला रेंज लागत नाही. लाईट लागते, ती आमच्यात पावसाळ्यात पाहुण्यासारखी.
मास्तर, त्या ३६ चं पुढं काय झालं?

रंकाळा_मास्तर: शाळा उघडल्यावर बहुतेक आले. दोन पोरींची लग्नं लावली घरच्यांनी. एकीनं शेवटी पायथागोरसचं उत्तर पाठवलेलं, बरोबर होतं. तो आवाज अजून फोनमध्ये आहे.

शाहूवाडीकर: 🙏

पेठेतला_भावा: पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती आलंय?

ताराराणी_७६: सकाळी ३७ फूट म्हणालेले. ३९ ला इशारा.

पेठेतला_भावा: मग उद्याचं सोडा, आठवडाभर धरा ऑनलाइन.

ताराराणी_७६: गप की रे. चार्जर सापडंना झालाय इथं.