सूर्याला तुमच्या घरी काय म्हणतात? खान्देशातले अनुभव

अहिराणी, लेवा बोली, गुजरी, भिली, उर्दू, सिंधी... आपल्या बाजारात फेरी मारली की सगळं कानावर पडतं. तुमच्या घरी, शेजारी सूर्याला काय म्हणतात आणि ते नाव कधी तोंडी येतं, ते लिहा. पुस्तकातलं नको, ऐकलेलं लिहा.

शिरपूर : आजी उठवायची, "ऊठ रे भाऊ, दिन डोकावर उना!" तांब्याभर पाणी घेऊन ओट्यावर अर्घ्य देताना मात्र तीच म्हणायची 'सूर्यनारायण'. कामाला दिन, हात जोडायला नारायण.

भुसावळ : रेल्वे क्वार्टरमध्ये वाढले. तमिळ काकूंकडे ञायिरु, आणि रविवारही ञायिरुच. वरच्या तेलुगू घरात पोद्दु. बाजूच्या बंगाली दादांचा शुर्जो. सिंधी मैत्रिणीकडे सिज. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की सगळे 'ऊन' म्हणूनच कण्हायचे.

रावेर : माझं माहेर निमाडातलं. चैत्रात गणगौर. टोपलीत गव्हाचे जवारे पेरायचे, रोज पाणी शिंपडायचं, पिवळसर कोंब वर आले की ती राणूबाई. तिचा नवरा धणियर राजा, म्हणजे सूर्यच. लग्न होऊन इकडे आले. श्रावणातल्या रविवारी सासूबाईंनी विड्याच्या पानावर रक्तचंदनाने रेघा काढल्या आणि 'आदित्य राणूबाईची कहाणी' वाचायला घेतली. अंगावर काटा आला. माझी राणूबाई माझ्या आधी सासरी पोचली होती! मुलीला मी दोन्ही नावं शिकवली आहेत, धणियर आणि आदित्य. निमाडी गाणी आता तिच्या पिढीत कोण म्हणणार, याची खरंच काळजी वाटते.

साक्री : सूर्यनमस्काराच्या बारा नावांत 'अर्क' आहे. बांधावरची रुई म्हणजेही अर्क. रथसप्तमीला तिची पानं डोक्यावर, खांद्यांवर ठेवून आंघोळ करतो. पानं वडील खुडतात, चीक डोळ्यात गेला तर फार वाईट.

मूळ चोपडा, सध्या जर्मनी : इथे सूर्य स्त्रीलिंगी, 'दी झोन्ने'. चंद्र पुल्लिंगी. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मंग राणूबाईना नवरा कोन?"

जळगाव : चोपड्याच्या ताईंना, अरबीतही तसंच. शम्स स्त्रीलिंगी, कमर म्हणजे चंद्र पुल्लिंगी. कुरआनातली ९१ वी सूरा 'अश-शम्स'. उर्दूत आलो की सूरज, आफताब, खुर्शीद सगळे पुल्लिंगी. आणि फारसीतला मेहर व आपला मिहिर एकाच घराण्यातले. वर्गात हे फळ्यावर शेजारी शेजारी लिहितो, मुलं मग घरची नावं घेऊन येतात.