ओरंडा मासा पोट वर करून तरंगतो आहे: औषध द्यावे की थांबावे?

मुळाकाठ (प्रश्न):
आमच्याकडे दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी टाकी असून तिच्यात दोन ओरंडा आणि एक ब्लॅक मूर असे तीन गोल्डफिश आहेत. त्यांपैकी मोठा ओरंडा गेल्या आठवड्यापासून नीट पोहू शकत नाही. सुरुवातीला खाणे झाल्यावर त्याचे तोंड खाली आणि शेपूट वर होत असे व तासाभरात तो सावरत असे. आता मात्र तो बहुतेक वेळ पोट वर करून पृष्ठभागाशी राहतो, खाली जाण्यासाठी जोराने पर मारतो आणि थांबताच बुचासारखा पुन्हा वर येतो. भूक शाबूत आहे, खवले उभे राहिलेले नाहीत, अंगावर ठिपके किंवा जखम दिसत नाही. खाद्य म्हणून तरंगणाऱ्या कोरड्या गोळ्या दोन वेळा देतो. दुकानदाराने मेथिलीन ब्लू आणि एका अँटिबायोटिकची पूड दिली असून दोन्ही थेट टाकीत घालण्यास सांगितले आहे. तसे करावे का?

जलचर:
कृपया दोन्ही बाजूला ठेवा. उलटे पोहणे हे लक्षण आहे, रोग नव्हे. त्यामागे बद्धकोष्ठता, थंडी, दूषित पाणी, जंतुसंसर्ग किंवा जन्मजात शरीररचना यांपैकी काहीही असू शकते, आणि यातील बहुतेक कारणांवर या दोन औषधांचा काहीच उपयोग नाही. उलट टाकीत घातलेले अँटिबायोटिक आणि मेथिलीन ब्लू ही दोन्ही फिल्टरमधील उपयुक्त जिवाणूंना मारू शकतात, म्हणजे एका माशाचे दुखणे तिघांचे होते. मेथिलीन ब्लूने काचांमधील सिलिकॉन निळे पडते ते वेगळेच. प्रथम थेंबांच्या टेस्ट किटने अमोनिया, नायट्राइट आणि पीएच मोजा, पाण्याचे तापमान पाहा आणि ते आकडे येथे लिहा. टाकी शेवटची केव्हा व कशी साफ केली तेही सांगा.

काचेपलीकडे:
आकडे येईपर्यंत शरीररचनेविषयी थोडे लिहितो. गोल्डफिशच्या वाताशयाला (पाण्यात तोल आणि तरंगणे सांभाळणाऱ्या पोटातील हवेच्या पिशवीला) पुढचा आणि मागचा असे दोन कप्पे असतात आणि तो एका बारीक नळीने अन्ननलिकेला जोडलेला असतो. त्यामुळे पृष्ठभागावर तरंगणाऱ्या गोळ्या टिपताना मासा जी हवा गिळतो, ती आतड्यात तरी जाते किंवा वाताशयाचा फुगवटा तरी वाढवते. शिवाय या माशाला खरे जठर नसते. खाल्लेले अन्न साठवून न ठेवता सरळ आतड्यात जाते, म्हणून एकदम दिलेला मोठा घास त्याला बाधतो. मूळचा लांबट मासा चीनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या निवडीने पैदास करून आखूड आणि गोल केला गेला, आणि ओरंडा, र्‍युकिन, रांचू या जातींच्या पोटात सर्व अवयव दाटीवाटीने बसले. साध्या लांब अंगाच्या गोल्डफिशला हा त्रास क्वचित होतो, यातच बरेचसे उत्तर आहे.

आपण आजपासून दोन-तीन दिवस त्याला पूर्ण उपास घडवा. निरोगी मोठ्या गोल्डफिशला तेवढ्या उपासाने काही होत नाही.

मुळाकाठ:
दोघांचेही आभार. मोजणी केली: अमोनिया १, नायट्राइट ०.५ (दोन्ही मिलिग्रॅम प्रति लिटर), पीएच ८, तापमान २५ अंश. आमच्या सोसायटीत बोअरचे पाणी मिसळून येते. टाकी साफ करायला महिन्यातून एकदा एक मुलगा येतो. त्याला विचारले असता कळले की, मागच्या वेळी त्याने सगळे पाणी काढून टाकले आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ होईपर्यंत धुतला. मी आता नीट पाहिले तेव्हा उरलेले दोन मासेही तळाशी पर मिटून बसलेले आढळले.

जलचर:
तर आपल्यापुढे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांतला पाण्याचा प्रश्न अधिक तातडीचा आहे. अमोनियाचे नायट्राइट आणि त्याचे पुढे नायट्रेट करणारे जिवाणू मुख्यतः त्या स्पंजमध्येच राहतात. नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने तो धुतल्यावर ते बव्हंशी गेले, आणि ते पुन्हा पुरेसे वाढण्यास चार ते सहा आठवडे लागू शकतात. त्यात पीएच ८ असल्याने अमोनिया अधिक विषारी ठरतो: २५ अंशांना एकूण अमोनियापैकी विषारी स्वरूपातील भाग पीएच ७ असताना सुमारे अर्धा टक्का असतो, तोच पीएच ८ असताना सुमारे पाच टक्के होतो. म्हणून दुसऱ्याच्या टाकीत ‘१’ चालून गेला तरी तो आपल्याकडे चालणार नाही.

रोज एक तृतीयांश पाणी बदला. नवे पाणी त्याच तापमानाचे असावे आणि त्यात आधी अँटी-क्लोरीन घालावे. मात्र अँटी-क्लोरीनच्या साध्या थेंबांत बहुधा सोडियम थायोसल्फेट असते, त्याने क्लोरीन जाते, अमोनिया जात नाही, हे ध्यानात असू द्या. नायट्राइटसाठी साधे मीठ लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात, वेगळ्या भांड्यात विरघळवून, दोन-तीन हप्त्यांत घाला. नंतर पाणी बदलाल तेव्हा फक्त नव्या पाण्यापुरतेच मीठ टाका. मिठातील क्लोराइडमुळे कल्ल्यांतून नायट्राइट आत शिरण्यास अटकाव होतो. यासाठी बरेच जण एप्सम मीठ सुचवतील, पण ते मॅग्नेशियम सल्फेट आहे, त्यात क्लोराइड नाही. त्याचा उपयोग झालाच तर पोट साफ होण्यासाठी होतो. एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवा. कोणा ओळखीच्यांच्या निरोगी, जुन्या टाकीतला वापरलेला स्पंज मिळाला तर पुष्कळ वेळ वाचेल.

ठाणेकर वाचक:
उकडून साल काढलेल्या वाटाण्याचा सल्ला कोणीतरी देईलच, म्हणून आधीच लिहितो. वाटाण्यात चोथा असतो आणि तो पाण्यात बुडतो, त्यामुळे मासा हवा न गिळता खातो. गुण येतो तो बहुतेक यामुळे आणि आधीच्या उपासामुळे. तो औषध नाही, आणि रोजचे खाणे तर मुळीच नाही. जंतुसंसर्गाने किंवा वाताशयात द्रव साठल्याने बिघाड झाला असेल तर वाटाण्याने काहीही होणार नाही. खवले अननसासारखे उभे राहिले, पोट फुगले किंवा त्याने खाणे सोडले, तर मात्र मासे तपासणारा पशुवैद्य शोधावा; वाताशय सरकला आहे की फुगला आहे हे एक्स-रेमध्ये दिसते आणि अँटिबायोटिक द्यायचे की नाही हे त्यानेच ठरवावे.

मुळाकाठ:
कळवण्यास उशीर झाला. अमोनिया आणि नायट्राइट आता जवळजवळ शून्यावर आहेत, एका परिचितांकडून जुना स्पंज मिळाला, आणि ते दोन मासे पूर्वीसारखे फिरू लागले. ओरंडा सकाळी सरळ असतो, परंतु खाल्ल्यानंतर अजूनही काही वेळ शेपूट वर होते. हे असेच राहणार का?

काचेपलीकडे:
बहुधा थोडेफार राहील, कारण उरलेला भाग त्याच्या अंगकाठीचा आहे. तरंगत्या गोळ्या कायमच्या बंद करून बुडणाऱ्या, शक्यतो ओलसर किंवा जेलच्या खाद्याचे लहान घास दिवसातून तीन-चार वेळा द्या आणि आठवड्यातून एक दिवस काहीच देऊ नका. हिवाळ्यात तापमान एकदम उतरू देऊ नका, कारण थंडीत त्याचे पचन मंदावते. पुन्हा कधी तो फार वेळ उलटा राहिला तर पाण्याची उंची कमी करा, म्हणजे त्याला खाली येण्यासाठी झगडावे लागणार नाही. आणि पोटाचा जो भाग पाण्याबाहेर राहून कोरडा पडतो, तेथे लाली किंवा जखम येते का ते रोज पाहा. त्या मुलाला यापुढे स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायला सांगा, आणि एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक पाणी काढू देऊ नका.

जलचर:
आणखी एक गोष्ट: सुमारे पन्नास लिटरांत तीन गोल्डफिश ही मुळात दाटी आहे. मोठी टाकी घेणे जमेपर्यंत दर आठवड्याला पाणी मोजत राहा.