घरच्या इंटरनेटला स्वतःचा आयपी हवा की नको?

नदीकाठ (धागाकर्ता)
फायबर घेताना आपण स्पीड विचारतो, पैसे विचारतो. आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा आपला पत्ता, कसा देणार हे कोणी विचारत नाही आणि कंपनीही आपणहून सांगत नाही.

आयपी बदलतो याबद्दल माझी तक्रार नाही. राउटर बंद-चालू केला, कंपनीकडे (पीपीपीओईचं) लॉगिन पुन्हा झालं, नवा पत्ता आला. त्यावर डायनॅमिक डीएनएसचा, म्हणजे बदलत्या पत्त्याला कायमचं नाव जोडायचा, जुना उपाय आहेच. दुखणं वेगळंच आहे. राउटरच्या पानावर वॅन आयपी (कंपनीकडून राउटरला आलेला पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. म्हणजे बाहेर दिसणारा पत्ता तुमच्यासह अनेक घरांत वाटलेला आहे. मग बाहेरची जोडणी आतल्या यंत्राकडे वळवायला राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग कितीही करा, दुकानाच्या कॅमेऱ्यांचा डीव्हीआर बाहेरून थेट उघडत नाही. गेममध्ये नॅट 'स्ट्रिक्ट' येतं, म्हणजे इतर खेळाडूंशी जोडणी अडते. त्याच पत्त्यावरच्या कुणाच्या तरी संगणकातल्या व्हायरसपायी 'मी रोबोट नाही'वाली ट्रॅफिक सिग्नलची चित्रं मात्र आपण ओळखत बसायची.

माझ्या मते मागेल त्याला सार्वजनिक आयपी, म्हणजे इतरांत न वाटलेला आणि बाहेरून थेट गाठता येणारा, जादा पैसे न घेता मिळाला पाहिजे.

तारवाला
तालुक्याच्या गावात इंटरनेट देतो, म्हणून लिहितोय. साहेब, द्यायचे कुठून?

आयपीव्ही४चे, म्हणजे जुन्या पद्धतीचे, पत्ते एकूण ४२९ कोटी. जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. आपल्याकडची वाटप संस्था एपनिक त्याच एप्रिलमध्ये शेवटच्या गठ्ठ्यावर आली. तेव्हापासून त्या गठ्ठ्यातून सभासदाला जास्तीत जास्त १०२४ पत्ते, आणि २०१९ पासून नव्याला फक्त ५१२. एवढ्यात गाव बसवून दाखवा.

विकत घ्या म्हणाल, तर मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये दिवाळखोर टेलिकॉम कंपनी नॉर्टेलकडून साडेसहा लाखांवर पत्ते ७५ लाख डॉलरला घेतले. पत्त्यामागे ११ डॉलर पडले, आणि भाव नंतर चढले. ॲमेझॉनसुद्धा फेब्रुवारी २०२४ पासून क्लाउडवरच्या प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४चे ताशी अर्धा सेंट घेतं. मी फुकट वाटू? बहुतेक गिऱ्हाइकांना यूट्यूब आणि मॅच लागते, त्यांना सीजीनॅटचा पत्ताही लागत नाही.

नदीकाठ
स्टॅटिक मागतच नाहीये. बदलता द्या, पण सार्वजनिक द्या. गिऱ्हाईक बंद झालं की तो दुसऱ्याला जाईल.

तारवाला
ते डायलअपच्या काळी. लोक तासभर यायचे, फोन ठेवायचे, मग तोच पत्ता दुसऱ्याला. आता राउटर चोवीस तास चालू. बदलता म्हटलं तरी माझा एक पत्ता कायमचा अडकलाच की.

म्युनिककर
धागाकर्त्याशी असहमत, पण कारण वेगळं. बदलता पत्ता आणि गर्दी दोन्ही आपल्या फायद्याची. एकच पत्ता वर्षभर राहिला तर प्रत्येक जाहिरातवाला त्याच्यावर खातं उघडून बसतो. इकडे जर्मनीत डीएसएलच्या (फोनच्या तारेवरच्या इंटरनेटच्या) काळात दर २४ तासांनी जोडणी मुद्दाम तोडून नवा पत्ता देत. लोक वैतागायचे, मी खूश असायचो. बदलता आयपीसुद्धा व्यक्तिगत माहिती ठरू शकतो, असं युरोपीय न्यायालयाने २०१६ मध्ये म्हटलंय, ते उगाच नाही.

वकीलकाका
म्युनिककर, गर्दीत लपलात असं वाटतं तेवढंच. भारतात इंटरनेट कंपन्यांनी वापराच्या नोंदी किमान दोन वर्षं ठेवायच्या, असा परवान्यातला नियम डिसेंबर २०२१ पासून आहे. जाहिरातवाल्यांना तुम्ही दिसणार नाही कदाचित, सरकारला दिसाल.

माझी भीती उलटी आहे, भलताच माणूस दिसण्याची. सीजीनॅटमध्ये नुसता आयपी आणि वेळ पुरत नाही, सोर्स पोर्टही (त्या पत्त्यामागच्या नेमक्या जोडणीचा क्रमांक) लागतो, आणि कित्येक वेबसाइट पोर्टची नोंदच ठेवत नाहीत. पाकिटावर चाळीचं नाव आहे, खोलीचा नंबर नाही. मग दार कुणाचं वाजवायचं?

२००७ मध्ये ऑर्कुटवरच्या शिवाजी महाराजांविषयीच्या बदनामीकारक मजकुरावरून पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका अभियंत्याला पकडलं. कंपनीने आयपीवरून ग्राहकच चुकीचा कळवला होता. तो सुमारे ५० दिवस आत राहिला. त्याच्या जागी स्वतःला ठेवा आणि मग 'गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही' म्हणा.

तारवाला
काका, नोंदी आम्ही ठेवतोच. डिस्कचा खर्चही आमचाच.

सहावा_मजला
अहो, आयपीव्ही६चा, म्हणजे जवळजवळ न संपणाऱ्या पत्त्यांच्या नव्या पद्धतीचा, विषय कुणी काढणार आहे की नाही? जिओ सुरुवातीपासून त्यावर चालतंय, मोबाइलमुळे भारत त्यात जगात पुढे आहे. घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो, वर गोपनीयतेसाठी फोन तो आपणहून बदलत राहतो. म्युनिककर आणि नदीकाठ दोघंही खूश. फक्त राउटरची फायरवॉल चालू आहे ना ते बघा, नाहीतर डीव्हीआर तुमच्याआधी जगच बघेल.

तारवालाभाऊ, तुमच्याकडे आयपीव्ही६ आहे?

तारवाला
वरून येतंय. लोकांच्या घरच्या जुन्या राउटरमध्ये ते बंद असतं. प्रत्येकाच्या घरी जाऊन चालू करायला माझ्याकडे पोरं दोन, तीही पावसाळ्यात तारा जोडण्यात.

नदीकाठ
ठीक. फुकटाचा हट्ट सोडतो. निदान पावतीवर एक ओळ छापा, सीजीनॅट आहे की नाही. त्याला ना पत्ता लागत, ना डॉलर.

तारवाला
छापतो की. पण मोठ्या कंपनीचा एजंट छापणार नाही. मग गिऱ्हाईक म्हणणार, खोट फक्त माझ्याच लाइनला आहे.