शब्द हवा: स्कॅलप, आणि त्याच्या पाठीवरच्या त्या रेघा
(मराठी शब्द शोधणाऱ्यांच्या गप्पा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव.)

जेम्सकाठी
व्हर्जिनियात जेम्स नदीच्या काठावर मित्राचं घर आहे. मागे मातीचा उभा कडा, खाली वाळूची चिंचोळी पट्टी. पावसात कडा ढासळला की वाळूत शिंपले येऊन पडतात. त्यातला तळहाताएवढा, जाडजूड, राखाडी, पंख्यासारखा एक लेकीनं उचलला. ओळख पटवली ती अशी: चेसापेक्टन जेफरसोनियस, म्हणजे स्कॅलप नावाच्या शिंपल्याची एक जुनी जात, वय ४० ते ५० लाख वर्षं. १९९३पासून हा या राज्याचा अधिकृत जीवाश्म आहे.

रात्री लेकीनं देवगडला आजीला फोन लावला. "आजी, स्कॅलपचा जीवाश्म मिळाला!" पलीकडून प्रश्न आला, "म्हणजे कालव की तिसरी?" तिथून जी गाडी अडली ती अडलीच. स्कॅलपला मराठीत काय म्हणायचं? पाठीवर पसरलेल्या उंच रेघांना काय म्हणायचं? आणि जीवाश्म म्हटल्यावर आजी म्हणाली, "अश्म म्हणजे दगड ना गो? वाजवून बघ." वाजवला, तर साध्या शिंपल्यासारखाच वाजतो.

खुबेवाला
आपल्याकडे शिंपल्यांची नावं स्वयंपाकघरानं ठेवलीत. कालवं, तिसऱ्या, खुबे, मुळे: जे कालवणात पडतं त्याला नाव, बाकी सगळे नुसते शिंपले. स्कॅलप आमच्या बाजारात येत नाही, मग नाव कोण कशाला ठेवील? कालव मात्र म्हणू नका. कालव खडकाला चिकटलेलं, वेडंवाकडं. तुमचा शिंपला बघा कसा मोजूनमापून केल्यासारखा आहे.

शिलाईघर
स्कॅलप हा शब्द शिंपल्यामुळे नाही, शिंप्यामुळे माहीत आहे! ओढणीला नागमोडी काठ कापतात त्याला आम्ही स्कॅलपच म्हणतो. त्याला असाही शिंपला असतो हे आज कळलं.

काना-मात्रा
नाव बनवायचंच तर दोन वाटा आहेत. लॅटिनमध्ये पेक्टन म्हणजे फणी, जर्मनही याला फणीचा शिंपला म्हणतात. जपानी नावात उभारलेलं शीड आहे. पण मराठीत "फणीशिंपला" म्हटलं की आधी केळ्याची फणी डोळ्यांपुढे येते, नाहीतर उवांची. "पंखाशिंपला" सरळ आहे. पेट्रोल पंपावरचा तो पिवळा शिंपला सगळ्यांनी पाहिलाय, आकार समजावून सांगावा लागत नाही.

रेघांना मात्र "रेघा" नका म्हणू. रेघ ओढलेली असते. हे उंचवटे बोटांना लागतात. "बरगड्या"ही नको, ते इंग्रजी "रिब"चं हाडकुळं भाषांतर झालं. यासाठी आपल्याकडे कंगोरा आहे. मूळ फारसी, तटावरच्या दातेरी कठड्याचा शब्द. आता "या प्रश्नाला अनेक कंगोरे आहेत" असं लिहून लिहून वर्तमानपत्रांनी तो झिजवला. खऱ्या, हाताला लागणाऱ्या कंगोऱ्यासाठी कुणी वापरतच नाही. तुमचा शिंपला कंगोरेदार आहे. किती कंगोरे आहेत ते मोजा.

जेम्सकाठी
मोजले. दहा.

गाळ आणि थर
मग नाव बरोबर वाटतंय. जेफरसोनियसला साधारण नऊ ते बारा, रुंद आणि ठसठशीत. त्याचा भाऊबंद मॅडिसोनियस, त्याला जास्त आणि बारीक. म्हणजे इथे कंगोरा हा नुसता शब्द नाही, ओळखीची खूण आहे. हल्लीचा लहान बे स्कॅलप असता तर सतरा-अठराच्या आसपास भरले असते आणि तो इतका मोठा झालाच नसता. या किनाऱ्यालगतच्या समुद्रात आज मोठा स्कॅलप मिळतो, हॉटेलात खातात तो. पण त्याची पाठ जवळजवळ गुळगुळीत असते. शिवाय नदीचं पाणी तिथे स्कॅलपला मानवेल इतकं खारट नाही. तो वाहून आलेला नाही, कड्यातूनच पडलाय.

नवा की जुना ते ठरवायला लिंबू पिळून बघायच्या भानगडीत पडू नका. नवा काय, जुना काय, दोन्ही चुन्याचेच, दोन्ही फसफसणार.

आता जीवाश्म. आजीबाईंची शंका रास्त आहे. फॉसिलचा मूळ लॅटिन अर्थ "खणून काढलेलं" एवढाच. दगड आपण घातला. हाडं, लाकूड यांच्या बाबतीत तो पुष्कळदा खरा ठरतो, पण या शिंपल्याचं दगडात रूपांतर झालेलं नाही. तो कॅल्साइटचा, म्हणजे चुन्याच्या एका खनिज रूपाचा बनलेला, आणि कॅल्साइट टिकाऊ. त्याच थरातले दुसरे काही शिंपले अॅरागोनाइटचे, चुन्याच्याच दुसऱ्या रूपाचे असतात. ते कित्येकदा खडूसारखे भुसभुशीत होऊन हातात चुरतात. स्कॅलप आणि कालवं उरतात ती या कारणानं.

काना-मात्रा
म्हणून शब्द टाकून द्यायची गरज नाही. "गावठी" म्हणताना आपण कुठे गाव शोधतो? जीवाश्म रुळलाय. आजींना मात्र शाळिग्राम सांगा. गंडकी नदीतला शाळिग्राम हाही समुद्री जीवाचाच, अॅमोनाइटचा अवशेष. देवघरात पिढ्यान्‌पिढ्या जीवाश्म आहे, तो शब्द वापरायची वेळ आली नाही एवढंच.

शिलाईघर
आणि शिंपल्याच्या एका अर्ध्या भागाला काय? एका पुस्तकात "झडप" वाचलं.

काना-मात्रा
झडप हृदयाला आणि पंपाला. इथे "दल" घ्या. द्विदल म्हटलं की तूरडाळ आठवते, आठवू दे. दोन भाग जोडीनं असतात हे तरी कळतं.

गाळ आणि थर
एक राहिलं. हा उत्तर अमेरिकेतला चित्र छापून आलेला पहिला जीवाश्म मानतात: १६८७, इंग्लंडात, शिंपल्यांचा अभ्यासक मार्टिन लिस्टरच्या ग्रंथात. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जेफरसन यांचं नाव त्याला १८२४मध्ये निसर्गअभ्यासक टॉमस से यांनी दिलं. आणि राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत शिंपला सापडला तर उचलू नका, तिथे मनाई आहे. मित्राच्या अंगणामागे चालेल.

जेम्सकाठी
आभार. लेकीनं आजीला परत फोन केला: "दहा कंगोऱ्यांचा पंखाशिंपला, त्याचं एकच दल, शाळिग्रामासारखाच जीवाश्म." आजीनं विचारलं, "आणि वरती ते दोन कान आहेत, ते सारखे आहेत?" कान हा शब्द आम्ही कुणीच सांगितला नव्हता, फोटो बघून तीच म्हणाली. सारखे नाहीत. एकाखाली खाच आहे.

गाळ आणि थर
खाच आहे? मग ते उजवं दल. कोवळेपणी तिथून धागे काढून तो तळाला धरून बसतो. कानच म्हणा, जाणकारांचा लॅटिन शब्दही कानाचाच आहे.